सोसायटीत जुन्या कपड्यांची १४ पोती जमलीत, पूरग्रस्तांना नेमकं काय पाठवायचं?

पौडरोडवाला

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी धाराशिव, बीड, सोलापूरकडे जो पूर आला त्यानंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा, आपणही काहीतरी केलंच पाहिजे, फूल ना फुलाची पाकळी वगैरे, आणि त्या भरात मी "मी बघतो सगळं" असं टाकून बसलो. आता क्लबहाऊसमध्ये कपड्यांची १४ पोती, चपलाबुटांची २, बिस्किटांचे ११ बॉक्स, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आणि माझ्या जीपेवर ६२ हजार रुपये असा माल पडलाय. आणि टेबल टेनिसवाले रोज विचारतायत की हे कधी हलणार.

काल रात्री मी आणि बायकोने तीन पोती उघडून बघितली. एक शेरवानी निघाली, ड्रायक्लीनच्या पिशवीसकट. पोहण्याचा पोशाख. चेन तुटलेल्या जीन्स, एका नामांकित शाळेचा लोगोवाला युनिफॉर्म, न धुतलेले गाऊन आणि एक बाही उसवलेला स्वेटर ज्याच्या खिशात २०१७ चं मेडिकलचं बिल होतं. बायको म्हणाली हे मी भांड्यांवर पण घालणार नाही, बोहारीण परत करेल.

प्रश्न असे आहेत. टेम्पोवाला परंड्यापर्यंतचे १४ हजार मागतोय, ते वर्थ आहे का? कपडे लागतात का मुळात? पैसे कुणाला द्यायचे, कारण निम्मी सोसायटी म्हणते मुख्यमंत्री निधीत टाका आणि निम्मी म्हणते तिथे अजिबात नको. आणि माझा एक शाळासोबती न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो मी डॉलर पाठवतो तू तिकडे वाट, हे चालतं का? तिकडे माझ्या ओळखीचं कुणी नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाला पण उत्तर पण द्या.

कृष्णाकाठची

शिव्या नाही घालणार दादा, तुम्ही पोती उघडून तरी बघितलीत. बहुतेक लोक शिवून पाठवतात आणि उघडायचं काम आमच्यावर येतं.

मी शिरोळ तालुक्यातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या वर गेली, आणि आम्ही तर त्याच्या खाली, जिथं पंचगंगा आणि कृष्णा एकत्र होतात तिथं, म्हणजे दोन्हीकडचं पाणी आमच्याच अंगणात. सांगली-कोल्हापूर मिळून चार लाखांच्या वर लोक बाहेर काढले होते. आम्ही कारखान्याच्या आवारात होतो, जनावरं एका बाजूला आणि माणसं एका बाजूला, आणि रात्री खरं सांगायचं तर बाजू राहिलेलीच नव्हती.

आता मदतीचं सांगते. महामार्ग पाण्याखाली होता तोवर काहीच येत नव्हतं, आणि रस्ता सुटल्यावर जी रांग लागली ती विचारू नका. मुंबई, पुणे, नाशिक, कुठून कुठून गाड्या. लोकांचं मन मोठं होतं यात शंकाच नाही, त्या वेळी अनोळखी पोरांनी येऊन आमच्या घरातला गाळ काढला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण गाड्या थांबायच्या कुठं, तर डांबरी रस्त्यावरच्या पहिल्या गावात. तिथं पोरं रस्त्यात उभी, गाडी दिसली की हात करायची, गाडीवाल्यालाही संध्याकाळपर्यंत परत जायचं असायचं, मग तिथंच रिकामी. त्या गावात एकेका घरात बिस्किटाचे चार चार बॉक्स आणि आत पाच-सहा किलोमीटरवर मळ्यातल्या वस्तीवर माझी आत्या, तिच्याकडं आठ दिवसांनी पहिली पिशवी पोचली. ती पण ट्रॅक्टरमधनं आमच्याच पोरांनी नेली.

कपड्यांचा तर डोंगर झाला होता शाळेच्या व्हरांड्यात. पावसात भिजला, मग कुबट वास यायला लागला, मग कुणी हात लावेना. बायकांचं सांगू का, साडी येते पण परकर येत नाही, ब्लाऊज येतो तो दुसऱ्याच्या मापाचा. आतले कपडे कुणी पाठवत नाही, आणि पाठवले तर जुने, ते कोण घालणार? आम्ही सात-आठ जणींनी एकच टेलर बाई गाठली आणि तिच्याकडून नव्या कापडाचे परकर शिवून घेतले तेव्हा सुटलो. मग त्या ढिगातल्या सुती साड्या बाजूला काढून नंतर वाकळा शिवल्या, अजून आहेत दोन घरात. सिंथेटिक सगळं शेवटी ग्रामपंचायतीने ट्रॉलीतनं नेऊन पुरलं की जाळलं, मी बघायला गेले नाही.

आणि आम्हाला तेव्हा काय हवं होतं माहितीये का? फावडी, घमेली, खराटे, गमबूट. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, त्याला असा वास की जेवण जात नाही, आणि अख्ख्या गल्लीत दोन फावडी. विहिरीत टाकायला टीसीएल पावडर, पाणी शुद्ध करायची. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आरोग्यवाल्यांनी दिल्या ते चांगलं झालं. आणि दप्तर, पोरांची दप्तरं.

एक गोष्ट राहिली. तेव्हा सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले म्हणून केवढा गदारोळ झाला होता, पण खाजगी मदतवाले काय कमी होते का, पिशवी हातात द्यायची आणि सोडायचीच नाही फोटो होईपर्यंत. माझ्या सासूबाईंनी पिशवी तिथंच ठेवली आणि चालू पडल्या. घरात चूल नव्हती त्या दिवशी.

बिनकामाचा_सल्लागार

शेरवानी पाठवा, पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले की घालून उभं राहता येईल.

सीनाकाठ

वरच्या भाऊ, हसायला आलं पण पंचनाम्याचं नाव काढू नका, जखम ओली हाय.

मी परंडा तालुक्यातला, सीना नदी शेतापासून चारशे पावलांवर. होती चारशे, आता दीडशेच राहिली म्हणा. ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं पण आमच्याकडचा मामला थोडा वेगळाय, तो समजून घ्या. आमचा दुष्काळी भाग, आम्हाला टँकरची सवय, पुराची न्हाई. आमच्या आज्यानं बी असं पाणी बघितलं नव्हतं. हेलिकॉप्टरनं माणसं उचलली आमच्या तालुक्यात. दावणीला बांधलेली जनावरं सोडायला बी वेळ मिळाला न्हाई कैकांना.

कोल्हापूरकडं पाणी आलं की गाळ ठेवून जातं, आमच्याकडं माती घेऊन गेलं. माझं अडीच एकर सोयाबीन होतं, काढणीला आलेलं. आता तिथं सोयाबीन न्हाई ते सोडा, रान बी न्हाई, खाली मुरूम आणि खडक उघडा पडलाय, पाऊल ठेवलं की खडे टोचतात. विहीर गाळानं बुजली, मोटार त्यात, ठिबकच्या नळ्या दोन किलोमीटरवर बाभळीला लटकलेल्या सापडल्या. सरकारनं ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख रोजगार हमीतून असं हाय. चांगलंच हाय. पण रोजगार हमीतून म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, मस्टर म्हणजे हजेरीपट, आणि पेरणी काय फाईलसाठी थांबत न्हाई.

म्हणून तुम्हाला सांगतो दादा, बिस्किट आणि पाण्याच्या बाटल्या आता नकोत. पहिल्या आठवड्यात पाहिजे होत्या, तेव्हा आल्या, जिवावर उदार होऊन आणल्या पोरांनी, त्यांचं नाव कधी विसरणार न्हाई. आता दिवाळी गेली का बातम्या बी जातील आणि गाड्या बी जातील. खरी नड आत्ता सुरू झालीय. ज्याचं रान जाग्यावर हाय त्याला वाफसा आला का, म्हणजे रान पेरण्याइतकं सुकलं का, हरभरा टाकायचाय, ज्वारी टाकायचीय, आणि बियाणं घरात ठेवलेलं भिजून कोंब आले. एकराला तीस किलो हरभरा लागतो. एका घराला एक तीस किलोची बॅग दिली तर त्याचं एक एकर उभं राहतं. तुमचे ६२ हजार आहेत ना, हिशोब करा.

दुसरी गोष्ट पेंड आणि वैरण. जी जनावरं वाचली त्यांच्या पुढं टाकायला काय न्हाई, कडबा सगळा वाहून गेला, गंज गेल्या उचलून. दुधाच्या दोन म्हशींवर ज्याचं घर चालतं तो माणूस म्हैस विकायला निघालाय बाजारात आणि व्यापारी निम्म्यानं मागायलेत. महिनाभराची सरकी पेंड भेटली तर ती म्हैस दावणीला राहते. तिसरं म्हणजे वह्या-पुस्तकं. माझ्या पुतणीचं दहावीचं वर्ष हाय, तिनं पुस्तकं पत्र्यावर वाळत घातली, पानं एकमेकाला चिकटून पाट झालेत. पाट म्हणजे खरंच पाट, त्यावर बसून जेवता येईल.

आणि १४ हजार टेम्पोला घालून पुण्यातनं गहू-तांदूळ आणू नका. बार्शी, परंडा, करमाळा, सगळीकडं दुकानं हायेत. त्या दुकानदाराचं बी पाण्यात गेलंय, त्याची बी चार पोती विकू द्या.

पौडरोडवाला

हे वाचून १४ हजारांचा विषय संपला. धन्यवाद दोघांनाही. सीनाकाठ, बियाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं आमच्या, आम्ही ब्लँकेटवर भांडत होतो सिंगल की डबल. पण मग कपड्यांचं काय करू? लोकांना परत ने म्हटलं तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा नाही.

आकडेमोड

सीए आहे, म्हणून पैशाचं बोलतो, कपड्यांचं मला कळत नाही.

पहिलं, जीपेवर घेतलेल्या ६२ हजारांची आजच एक शीट कर, कोणी किती दिले, आणि ग्रुपवर टाक. उद्या कुणीतरी विचारणारच आहे, आणि जो ५०० देतो तोच आधी विचारतो. कुणी ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीची, पावती मागेल, ती तुझ्या वैयक्तिक खात्यावर मिळत नाही हे स्पष्ट सांग. तशीही नवीन कररचना घेतलेल्यांना ८०जी चा उपयोग नाही, आणि वस्तू दिल्या तर कुणालाच वजावट नाही, शेरवानी कितीची का असेना. जुन्या रचनेत असलेल्याने नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावेत, रोख २ हजारांच्या वर देऊ नयेत, आणि संस्थेकडून १०बीई हे देणगीचं सर्टिफिकेट घ्यावं. मुख्यमंत्री सहायता निधीला जुन्या रचनेत १०० टक्के वजावट आहे. ज्यांना तिथे द्यायचेत ते देतील, ज्यांना नाही ते नाही, यावर सोसायटीत मतदान कशाला घेता.

दुसरं, तुझा न्यू जर्सीवाला. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे स्वतःचे कमावलेले पैसे बँकेतून इथल्या संस्थेला आले तर ती कायद्याने परदेशी देणगी धरत नाहीत. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल, मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तर ती परदेशी देणगी. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेली संस्था घेऊ शकते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. शिवाय ती संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या छोट्या संस्थेला वाटू शकत नाही, स्वतःच खर्च करावे लागतात. त्यामुळे "मी डॉलर टाकतो तू वाट" हे अजिबात नको. भावना छान आहे, पण नोटीस तुझ्या नावाने येईल, त्याच्या नाही.

माणदेशी_आजोबा

वयाने मोठा म्हणून लिहितो, राग मानू नये. आम्ही माण तालुक्यातले, १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आई पाझर तलावाच्या कामावर जायची, मी खडीच्या ढिगापाशी धाकट्या भावाला सांभाळत बसायचो. त्या कामांवर राज्यात एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणूस होता म्हणतात, नुसती खडी फोडायचा आवाज, दिवसभर टक टक टक. कामावर सुकडी मिळायची, गूळ घातलेला भाजका भुगा. आई तिच्या वाटची खायची नाही, पदराला गाठ मारून घरी आणायची. ती गाठ सोडताना आम्ही तिघं भावंडं कशी बघत असू ते आता सांगून कळायचं नाही. रेशनला मिलो यायची, लाल ज्वारी, परदेशातली, तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाल्ली की पोट दुखायचं, पण खाल्ली.

सांगायचं हे की आई त्याला मदत म्हणत नव्हती. कामावर जाते म्हणायची. मस्टरला नाव लागलं का, पगार झाला का, मुकादमाने माप कमी धरलं का, यावर भांडायची. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ ला त्याचा कायदा झाला, नंतर दिल्लीनेही २००५ ला तसा केला. काल कृष्णाकाठच्या ताईंच्या सासूबाई पिशवी ठेवून चालू पडल्या हे वाचलं आणि आईच आठवली.

तर पौडरोडवाले, त्या गावात शेताचे बांध घालायचे, विहिरीतला गाळ काढायचा, ही कामं गावातल्याच माणसांना मजुरी देऊन करून घ्या. मजुराचं कुणी बघत नाही. ज्याला रान आहे त्याचा पंचनामा तरी होतो, ज्याला रानच नाही त्याची सोयाबीन काढणीची महिन्याभराची मजुरी बुडाली, त्याचा पंचनामा कशाचा करणार?

मदत_टीम_नगर

आजोबांना नमस्कार, पण सगळंच "वस्तू नकोत" असं होऊ नये म्हणून लिहितोय. आम्ही चिपळूणला २०२१ ला गेलो होतो, २२ जुलैला पूर आला आणि आम्ही दोन दिवसांत पोचलो. तेव्हा दुकानं बंद, एटीएम बंद, बाजारपेठ अख्खी पाण्यात गेलेली, लोकांच्या खिशात पैसे असून खायला काही नव्हतं. तिथे बिस्किट आणि पाणीच चाललं, आणि मेणबत्त्या, काडेपेट्या, चार्ज केलेल्या पॉवर बँका. त्यामुळे पहिल्या चार दिवसांत वस्तू न्या बिनधास्त, फक्त शिजवावं लागेल असं काही नका नेऊ, आम्ही गाढवासारखे तूरडाळ घेऊन गेलो होतो, गॅस कुठे होता?

जुन्या कपड्यांचं म्हणाल तर गूंज नावाची संस्था आहे, १९९९ पासून त्याच कामात आहेत, त्यांचे अंशू गुप्ता यांना २०१५ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला पडलेले कपड्यांचे ढीग त्यांनी गोळा करून कामी लावले होते. तिथे कपडे फुकट वाटत नाहीत, गावाने विहीर साफ केली, रस्ता केला की त्याच्या बदल्यात किट मिळतं. सुती जुन्यापासून बायकांसाठी पॅड बनवतात. म्हणजे तुमच्या १४ पोत्यांतलं सुती वाया जाणार नाही, पण धुऊन द्या.

कृष्णाकाठची

चिपळूणचं बरोबर आहे, पहिले चार दिवस वेगळेच असतात. आणि आजोबा, सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला उठल्या.

पौडरोडवाले, मी एक विसरले. पैसे द्यायचे तर बाईच्या हातात जातील असं बघा, बचत गट असतोच प्रत्येक गावात. आम्हाला सरकारचे १० हजार आले होते, त्यातले ५ रोख आणि बाकी खात्यात. रोख आले त्या संध्याकाळी गावात काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

पौडरोडवाला

अपडेट देतो, कारण लोक विचारून गायब होतात आणि मग धागा नुसता लोंबकळतो.

सीनाकाठशी फोनवर बोललो (पाऊण तास, माझी बायको म्हणाली एवढं आईशी बोल कधी). त्यांच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी बसून यादी केली, कुणाला बियाणं, कुणाला पेंड. आम्ही ४५ हजार थेट तिथल्या कृषी केंद्राच्या खात्यात टाकले, हरभऱ्याच्या तीस किलोच्या १५ बॅगा झाल्या, बिलाचा फोटो ग्रुपवर. उरलेल्या १७ मधले १२ विहिरीच्या गाळासाठी मजुरी म्हणून ठेवलेत, आजोबांचं ऐकून, आणि ती यादी रान नसलेल्यांची आहे. ५ हजारांत दहावीच्या पुस्तकांचे संच, ते इथूनच घेतले, एसटीच्या पार्सलने गेले. बिस्किटं आणि पाणी इथल्याच एका बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांना दिलं. त्यातल्या एका बाईला विचारलं गाव कुठलं, तर म्हणाली भूम. पूर आला त्याच आठवड्यात आलेत कामाला. म्हणजे आम्ही दोनशे किलोमीटरवर टेम्पो पाठवायला निघालो होतो आणि ती माणसं आमच्या गेटसमोर पत्र्याच्या खोलीत राहतात.

कपडे चाळून १४ ची ३ पोती राहिली, सुती, धुतलेली. ६ पोती शेवटी भंगारवाल्याने पण नाक मुरडत नेली. बाकी ज्याची त्याला परत, आणि हो, दोन घरांशी बोलणं बंद झालंय. शेरवानीचा मालक अजून सापडत नाही, ग्रुपवर दोनदा विचारलं, कुणी कबूल करत नाही.

सीनाकाठ

बॅगा पोचल्या दादा. नऊ जणांनी पेरलं, सहा जणांच्या रानात अजून पाय रुतायलेत, वाफसा न्हाई.

शेरवानी ४० साईजची हाय का बघा की. चुलत भावाचं लग्न पुढं ढकललं होतं, आता तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलीय, आणि त्याचा कपडा पेटीसकट सीनामाईनं नेला.